चावी दिली म्हणून कर्ज फिटत नाही

या वेळच्या पत्रांमध्ये तीन पत्रं एकाच दुखण्याची निघाली, एक फोंड्याचं, एक वास्कोचं आणि एक म्हापशाचं, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत. घर गहाण आहे, हप्ते झेपत नाहीत, आणि नवरा-बायकोने मिळून दिवाळखोरी जाहीर करून घर सोडून द्यावं का, असं तिघांचंही विचारणं आहे.

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही फोंड्याला राहतो. मिस्टरांचे दोन टिप्पर होते, 2018 च्या मार्चमध्ये गोव्यातलं मायनिंग बंद झालं तेव्हा एक भंगाराच्या भावात गेला आणि दुसरा फायनान्सवाले ओढून घेऊन गेले. मग टुरिस्ट टॅक्सी घेतली, ती जरा रुळावर येतेय तोवर लॉकडाऊन. फ्लॅट आम्ही 2016 ला घेतलेला, दोघांच्या नावावर, लोनवर सह्याही दोघांच्या. टॅक्सीचे हप्ते भरायला पर्सनल लोन काढलं, ते फेडायला क्रेडिट कार्ड, मग क्रेडिट सोसायटीचं कर्ज, असं एकावर एक चढत गेलं. आता होमलोनचे सात हप्ते थकलेत आणि बँकेची 60 दिवसांची नोटीस आलीय, त्यातले 19 दिवस गेलेसुद्धा. होमलोन साडेपंचवीस लाख बाकी, पर्सनल लोन 6 लाख, कार्डं मिळून साडेतीन, सोसायटीचे 4. मी शाळेत क्लार्क आहे, पगार 22 हजार. यूट्यूबवर बघितलं की जोडप्याने एकत्र दिवाळखोरीचा अर्ज करून घराची चावी बँकेला दिली की सगळं कर्ज माफ होतं. मिस्टर म्हणतात तसंच करूया. आमच्या हॉलच्या छताला माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या चौकटीसाठी, त्यांनी स्वतः हुक मारलेत, चवथीला आम्ही तिथेच माटोळी बांधतो. परवा त्या हुकांकडे बघत ते रडले, लग्नाला 14 वर्षं झाली पण मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. पोलीस येतील का? माझा पगार, माझे दागिने जातील का? आमच्या बिल्डिंगमध्ये असाच फ्लॅट गेल्या वर्षी 38 लाखांना गेला. काय करू?

उत्तर: बाय, पहिलं सांगते ते हे की चावी देऊ नका. निदान अजून नको, आणि कागदाशिवाय तर कधीच नको. मी 26 वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ रिकव्हरीला, आणि एक घर माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. डिचोली तालुक्यातलं घर होतं, आम्ही ताबा घ्यायला गेलो तेव्हा त्या बाईंनी सगळं सामान आधीच बाहेर काढलेलं, आणि आम्ही दारात उभे असताना त्या आतली लादी पुसत होत्या, कोपऱ्याकोपऱ्यातून, पुसून झाल्यावर फडकं पिळून वाळत घातलं आणि चाव्यांचा जुडगा माझ्या हातात दिला, म्हणाल्या आता आमचं तुमचं काही राहिलं नाही ना. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, कारण लिलावात घर कमी पैशांना गेलं आणि दीड-दोन वर्षांनी उरलेल्या रकमेची नोटीस त्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेली. घर गेलं, कर्ज राहिलं. हे त्यांना त्या दिवशी कुणीच सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही, म्हणून तुम्हाला एवढं लांबलचक लिहितेय.

तुम्ही व्हिडिओत बघितलंत ते अमेरिकेतलं असणार, तिथे तशी सोय आहे आणि त्याबद्दल खाली म्हापशाच्या काकांच्या उत्तरात लिहिलंय. आपल्याकडे तसं नाही. 2016 चा जो नवीन दिवाळखोरी कायदा आहे त्यातला सामान्य माणसांचा भाग अजून लागूच केलेला नाही, 1 डिसेंबर 2019 पासून तो लागू आहे तो फक्त कंपनीच्या कर्जाला जे स्वतः जामीन राहिलेत त्यांना. बाकीच्यांसाठी मुंबई, कोलकाता, चेन्नई सोडून 1920 चा जुना नादारीचा कायदा. तो किती जुना आहे ते यावरून बघा की 500 रुपये कर्ज असलं तरी अर्ज करता येतो, आणि एकदा नादार ठरलात की कोर्ट मोकळं करेपर्यंत 50 रुपये उधार घ्यायचे तरी समोरच्याला आधी सांगावं लागतं की मी नादार आहे, नाही सांगितलं तर गुन्हा. अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा, नवरा-बायकोचा मिळून एक अर्ज अशी सोय त्यात नाही, दोघांनी वेगवेगळे करायचे, कोर्टाला वाटलं तर ते एकत्र चालवतं. मग तुमच्याकडे जे असेल ते कोर्टाच्या ताब्यात जातं, रिसीव्हर नेमला जातो, गॅझेटमध्ये नाव येतं. आणि एवढं सगळं करून ज्याच्यासाठी करताय ते होतच नाही, कारण गहाण घेतलेल्या बँकेचे हात तो कायदा बांधत नाही, कलम 28 मध्येच लिहिलंय की ज्याच्याकडे तारण आहे तो आपलं तारण विकून वसूल करायला मोकळा. म्हणजे तुमचा नादारीचा अर्ज मडगावला किंवा पणजीच्या बाजूला कोर्टात पडून राहणार आणि इकडे बँक फ्लॅटचा लिलाव करणार.

आता तुमचे आकडे मी वहीवर मांडले, तुम्हीही मांडा, दोघांनी एकत्र बसून. फ्लॅट 38 ला गेला असं धरलं तर होमलोनचे साडेपंचवीस जाऊन हातात साडेबारा राहतात. बाकीची सगळी देणी मिळून साडेतेरा. फरक फक्त एक लाखाचा! तुम्ही दिवाळखोर नाही आहात हो, तुमच्याकडे रोख पैसा नाही एवढंच, आणि जे आहे ते सगळं त्या भिंतींमध्ये अडकलंय. पण हाच फ्लॅट बँकेने लिलावात काढला आणि 32 ला गेला, तर साडेसहा उरणार, त्यातून व्हॅल्युअर, जाहिरात, वकील असा खर्च बँक कापून घेणार, आणि सात-आठ लाखांचं देणं घेऊन तुम्ही भाड्याच्या घरात. लिलावात किंमत का पडते तर घेणाऱ्याला माहीत असतं की विकणाऱ्याला थांबता येत नाही, शिवाय आत कोण राहतंय, भांडण आहे का, या भीतीपोटी लोक कमीच बोलतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की घर जाणारच असेल तर ते तुम्ही विका, बँकेला विकू देऊ नका.

आणि त्यासाठी वेळ आहे, पण फार नाही. तुमची नोटीस सरफेसी कायद्याची, म्हणजे बँकेला तारण ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या कायद्याची, कलम 13(2) ची, 60 दिवसांची असणार. हप्ता 90 दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीताकडचं, धरलं जातं आणि मग ही नोटीस निघते. 60 दिवसांत पैसे भरले नाहीत तर बँक ताब्याची नोटीस दारावर चिकटवते आणि दोन पेपरांत छापते, त्यातला एक आपल्या भाषेतला, म्हणजे अख्ख्या फोंड्याला कळतं. तरी तो ताबा कागदावरचा असतो, माणसांना बाहेर काढायचं तर बँकेला जिल्हाधिकाऱ्याकडून वेगळा आदेश आणावा लागतो, आणि पहिल्या लिलावाआधी 30 दिवसांची आणखी एक नोटीस द्यावी लागते. म्हणजे उद्या सकाळी कोणी येऊन सामान बाहेर फेकत नाही. बँकेने ताब्याचं पाऊल नियम मोडून उचललं असं वाटलं तर 45 दिवसांत डीआरटीकडे, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, जाता येतं, पण आपल्या गोव्याची ती कामं मुंबईला चालतात, वकील, फी, येणं-जाणं, तेव्हा खरोखरच चूक असेल तरच तिकडे वळा, नुसता वेळ काढायला नको. एक तारीख मात्र मनात कोरून ठेवा, लिलावाची जाहिरात छापून आली की पूर्ण पैसे भरून घर सोडवायचा तुमचा हक्क संपतो. लोक समजतात लिलावाच्या दिवसापर्यंत धावपळ करता येईल, तसं आता राहिलेलं नाही.

तर या आठवड्यात काय करायचं. बँकेत जा, दोघं जा, एकट्या मिस्टरांना पाठवू नका, आणि लेखी अर्ज द्या की आम्ही फ्लॅट स्वतः विकून लोन पूर्ण फेडतो, चार महिने द्या आणि विक्रीला लेखी परवानगी द्या. ही परवानगी अगदी महत्त्वाची आहे कारण 13(2) ची नोटीस आल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय ते घर विकता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही, कलम 13(13). अर्जाच्या कॉपीवर बँकेचा शिक्का आणि तारीख घ्या. नोटिशीतल्या रकमेत काही चुकीचं लावलेलं दिसलं, दंडावर व्याज वगैरे, तर तेही 60 दिवसांच्या आत लेखी कळवा, बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. एप्रिल 2024 पासून रिझर्व्ह बँकेने दंड म्हणून जादा व्याज लावणं बंद केलंय, दंड फक्त ठरावीक चार्ज म्हणून, त्यावर पुन्हा व्याज नाही, तेव्हा स्टेटमेंट मागून ओळ न ओळ बघा. गिऱ्हाईक मिळालं की त्याची बँक तुमच्या बँकेला थेट पैसे देते, रजिस्ट्रेशन होतं, आणि पूर्ण फेडल्यापासून 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायला बँक बांधील आहे, उशीर केला तर दिवसाला 5000 रुपये भरपाई.

मग उरलेल्या साडेबारातून सगळ्यात आधी भाड्याच्या घराचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचा खर्च बाजूला काढा. हे मी मुद्दाम आधी लिहितेय कारण माणसं घाबरून पै न पै देणेकऱ्यांना देऊन टाकतात आणि दुसऱ्याच महिन्यात परत कार्ड घासतात. मग पर्सनल लोन आणि कार्डवाल्यांशी सेटलमेंटचं बोला, रोख रक्कम समोर ठेवून बोललं की ते ऐकतात, पण ठरलेली रक्कम त्यांच्या लेटरहेडवर आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. सेटलमेंट केली की सिबिलला तसा शेरा पडतो आणि काही वर्षं नवीन कर्ज मिळायला त्रास होतो, ते खरंय, पण तुम्हाला आत्ता नवीन कर्ज नकोच आहे. सोसायटीचे मात्र शक्यतो पूर्ण फेडा, तिथे तुमचे जामीनदार अडकलेले असणार. फ्लॅट विकून फायदा झाला तर त्यावर टॅक्स बसू शकतो, पैसे बँकेने घेतले म्हणून टॅक्स चुकत नाही, सीएला विचारा, आणि गोव्यात नवरा-बायकोची पगार सोडून बाकी कमाई इन्कम टॅक्सला अर्धी-अर्धी धरतात, 1961 च्या कायद्यातलं कलम 5ए, ते त्याला आठवण करून द्या, बाहेरचा सीए असेल तर त्याला ठाऊक नसतं.

गोव्याची गोष्ट निघालीच तर हेही. आपल्याकडे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने मालमत्ता दोघांची सामायिक असते, कोणाच्याही नावावर असली तरी. म्हणून बँका घर गहाण घेताना दोघांच्या सह्या घेतातच, आणि विकताना सेल डीडवरही दोघांच्या लागणार. पण कार्डं आणि पर्सनल लोन एकट्या मिस्टरांच्या सहीचं असेल तर तिथे आता तुम्ही नव्याने सही करू नका. रिकव्हरीवाले गोड बोलून म्हणतील की मॅडम फक्त फॉर्मॅलिटी आहे. तुमच्या हिश्शाचा आणि तुमच्या पगाराचा बचाव त्या एका न केलेल्या सहीत असू शकतो.

पोलिसांचं विचारलंत. हप्ता थकणं हा गुन्हा नाही. पैशाच्या वसुलीच्या हुकमात बाईला अटक करताच येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 56, ते डोक्यातून काढून टाका. मिस्टरांनाही ऐपत असून मुद्दाम देत नाहीत असं कोर्टात सिद्ध झाल्याशिवाय नाही. पण दिलेला चेक किंवा बँकेतून आपोआप कापला जाणारा हप्ता बाउन्स झाला तर फौजदारी केस होऊ शकते, त्याचं समन्स आलं तर हजर राहायचंच, टाळायचं नाही. वसुलीवाले सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करू शकत नाहीत, शिवीगाळ केली तर रेकॉर्ड करा, आधी बँकेकडे लेखी तक्रार आणि 30 दिवसांत काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

तुमच्या पगाराला कोर्टाच्या हुकमाशिवाय कोणी हात लावू शकत नाही, आणि हुकूम झालाच तरी पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून, म्हणजे 22 हजारांतले जास्तीत जास्त 7 हजार. पीएफ आणि ग्रॅच्युइटी जप्त होत नाही. फक्त पगार त्याच बँकेत जमा होत असेल जिचं कर्ज थकलंय तर खातं दुसरीकडे उघडा, नाहीतर बँक आपल्या आपण वळती करून घेते. आणि दागिन्यांचं म्हणाल तर धर्माच्या रीतीने बाईने अंगावरून उतरवायचे नसतात असे दागिने जप्तीत येत नाहीत, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूणही नाही. मंगळसूत्र तुमचं आहे. कोणी येऊन त्याच्याकडे बोट दाखवलं तर त्याच संहितेचं कलम 60 म्हणा.

हुक छतात राहू देत. नव्या घरमालकाला पहिल्याच दिवशी विचारा की चवथीला चार हुक मारले तर चालतील ना, आणि तो हो म्हणेल तेच घर घ्या.

प्रश्न: मेहुण्याला क्रेडिट सोसायटीत जामीन राहिलो होतो. आता बहीण आणि मेहुणा घर बँकेला सोपवून नादारीचा अर्ज करायचं म्हणतायत. ते सुटले की मीही सुटलो ना? – वास्को

उत्तर: नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते आणि सोसायटी आधी त्याच्याकडे न जाता सरळ तुमच्याकडे येऊ शकते. उद्या कोर्टाने मेहुण्याला नादारीतून मोकळं केलं तरी तुम्ही मोकळे होत नाही, उलट पैसेवाला म्हणून तुमच्याच मागे लागणार. सोसायटीत जाऊन आजची बाकी लेखी घ्या, वसुलीचा दावा सहकार खात्याकडे गेलाय का ते विचारा, आणि गेला असेल तर तारखेला हजर राहा, एकतर्फी निकाल लागू देऊ नका. तुम्ही भरलेला प्रत्येक रुपया मेहुण्याकडून परत मागायचा हक्क तुमचा आहे, म्हणून रोख देऊ नका, पावती घ्या. आणि बहिणीशी बोलणं तोडू नका. ते घर स्वतः विकायला तयार झाले, वर फोंड्याच्या ताईंना लिहिलंय तसं, तर तुमची सुटका त्यातच आहे.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, म्हापशाला मुलासोबत राहतो. मुलगी आणि जावई न्यू जर्सीत, ग्रीन कार्ड आहे. जावयाची नोकरी गेली, घराचं कर्ज आता घराच्या किमतीपेक्षा जास्त झालंय, आणि ते दोघं मिळून तिथल्या कायद्यातल्या चॅप्टर सेव्हनची दिवाळखोरी करून घर सोडून देणार म्हणतात. आमच्या पिढीला हे ऐकूनच धस्स होतं. खरंच कर्जातून सुटतील का? आणि माझ्या इथल्या घरावर काही येणार नाही ना? पत्नी चार वर्षांपूर्वी वारली, घर आम्हा दोघांचं होतं. मुलगा म्हणतो ताईकडून लगेच हक्कसोड लिहून घेऊया.

उत्तर: काका, आधी मुलीबद्दल, कारण तिथे काळजी कमी आहे. अमेरिकेत नवरा-बायकोला एकच अर्ज करता येतो आणि फीही एकच, 338 डॉलर. अर्जाआधी दोघांनाही क्रेडिट कौन्सेलिंगचा छोटा कोर्स करावा लागतो, कमाई ठरावीक मर्यादेत बसते का ते बघतात, आणि घर ठेवणार की सोडणार हे लिहून द्यावं लागतं. अर्ज केला त्या क्षणी वसुलीचे फोन, लिलाव, सगळं थांबतं. ट्रस्टीसमोर, म्हणजे केस सांभाळायला नेमलेल्या माणसासमोर, एक छोटी बैठक होते आणि सगळं सुरळीत गेलं तर साधारण चार महिन्यांत कोर्ट कर्जातून मोकळं करतं. मग घर विकून जे कमी पडेल ते बँक त्यांच्याकडून मागू शकत नाही. फोंड्याच्या ताईंनी व्हिडिओत बघितलं ते हेच. कोर्टात असं माफ झालेलं कर्ज तिथे उत्पन्न म्हणून टॅक्सलाही धरत नाहीत. दहा वर्षं क्रेडिट रिपोर्टवर डाग राहतो, पण माणसं परत उभी राहतात, त्यात लाज वाटण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.

एक मात्र त्यांना सांगा. घर सोडतो असं लिहून दिलं म्हणजे घर त्या दिवशी त्यांच्या नावावरून गेलं असं नाही, बँकेने लिलाव करून दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत मालक तेच, आणि तिथल्या घरमालक संघाची वर्गणी असेल तर अर्जानंतरची वर्गणी तोवर त्यांच्याच डोक्यावर चढत राहते, ती दिवाळखोरीत माफ होत नाही. बँका कधीकधी महिनोन्महिने घर उचलत नाहीत. म्हणून घाईने बाहेर पडून घर रिकामं टाकू नये, विमा चालू ठेवावा, आणि कधी निघायचं ते वकिलाला विचारून ठरवावं.

आता तुमचं घर, आणि इथे तुम्हाला थोडं जड जाणारं लिहावं लागतंय. बाप हयात असेपर्यंत बापाच्या मालमत्तेवर मुलांची मालकी नसते, तेवढं बरोबर. पण काकी गेल्या त्या दिवशी घराचा त्यांचा अर्धा भाग मुलांकडे गेला, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया, केली असो वा नसो. मुलं दोनच असतील आणि मृत्युपत्र नसेल तर घरातला पाव हिस्सा आज मुलीचा आहे, न वाटलेला पण तिचा, आणि लग्न गोव्यात नोंदवलेलं असेल व वेगळा करार नसेल तर जावयाचाही त्यात वाटा. अमेरिकेचा दिवाळखोरी कायदा सांगतो की जगात कुठेही असलेली मालमत्ता अर्जात दाखवायची. तो पाव हिस्साही दाखवावा लागणार, इथलं बँक खातं आणि एफडीही. लपवलं तर तो तिथे तुरुंगात जाण्याइतका गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत.

म्हणूनच आत्ता हक्कसोड लिहून घेऊ नका. तुमच्या मुलाचा हेतू वाईट नाही, त्याला घर वाचवायचंय, पण अर्जाच्या मागच्या दोन वर्षांत फुकट दिलेली मालमत्ता ट्रस्टी उकरून काढतो आणि देणेकऱ्यांपासून लपवली म्हणून सगळी केस अडकू शकते. जो हिस्सा खरेपणाने दाखवला त्यावर मार्ग निघतो, काही रकमेपर्यंतची मालमत्ता तिथला कायदा राखून ठेवू देतो, आणि सातासमुद्रापार एका जुन्या घरातला न वाटलेला पाव हिस्सा, ज्यात म्हातारे वडील राहतात, तो विकायला निघणं ट्रस्टीलाही सोपं नाही. पण हे ठरवायचं काम तिच्या वकिलाचं, आणि त्याला गोव्याचा कायदा माहीत असण्याचं काही कारण नाही.

तेव्हा तुम्ही एवढं करा. काकींचा मृत्यूचा दाखला, घराचे कागद, घरपट्टीची पावती, आणि मुलीच्या लग्नाचा सिव्हिल रजिस्ट्रारकडचा दाखला असं सगळं स्कॅन करा, म्हापशातल्या एखाद्या वकिलाकडून एक पानभर इंग्रजीत लिहून घ्या की या घरात मुलीचा हिस्सा किती आणि कसा, घराची अंदाजे किंमत व्हॅल्युअरकडून, आणि ते मुलीला पाठवा, ती अर्जावर सही करायच्या आधी. तिने सही केली असेल आणि हे राहिलं असेल तरी पाठवा, अर्ज दुरुस्त करता येतो, वकिलाने स्वतःहून दुरुस्त केला तर चूक म्हणून बघतात. तिथे सकाळ होते तेव्हा इथे संध्याकाळ असते, आज जेवायच्या आधी फोन लावा.